तारेला हात न लावता ऐकणे

मे २०२५मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या तेरा मंचांना नोटिसा धाडल्या. आक्षेप असा होता, की या मंचांवर वॉकीटॉकी संच इतर किरकोळ मालाप्रमाणे विकले जात आहेत. कोणता संच कोणत्या वारंवारितेवर चालतो, त्याला परवाना लागतो की नाही, दूरसंचार खात्याची उपकरण-मान्यता आहे की नाही, यांपैकी काहीच ग्राहकाला नीट सांगितले जात नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस अशा विक्रीसंबंधीची मार्गदर्शक तत्त्वेही जाहीर झाली. पहलगामच्या हत्याकांडाला तेव्हा जेमतेम काही आठवडे लोटले होते. पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका यांच्या बिनतारी संदेशांत कोणीही लुडबूड करू शकतो, ही कल्पनाच त्या दिवसांत अस्वस्थ करणारी होती. कारवाई योग्य होती याविषयी माझ्या मनात शंका नाही.

मात्र त्या निमित्ताने जी चर्चा झाली, तीत एक भेद जवळजवळ कोणीच केला नाही. बोलणारा संच वेगळा आणि केवळ ऐकणारा संच वेगळा. पोलिसांच्या वारंवारितेवर बोलणे हा गुन्हा असावा, यावर दोन मते असण्याचे कारण नाही. परंतु पोलिसांच्या उघड्या, कोणतीही कूटभाषा न वापरता केलेल्या संभाषणाची लहर माझ्या घराच्या भिंतीतून आत आली आणि मी ती ऐकली, तर मी नेमके काय केले? आपला कायदा या प्रश्नाकडे ज्या नजरेने पाहतो, ती नजर तपासून पाहावी, एवढाच या टिपणाचा हेतू आहे.

प्रारंभ १८८५च्या भारतीय तार अधिनियमापासून करावा लागतो. हा कायदा झाला तेव्हा हाइनरिश हर्ट्झ यांनी विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगशाळेत सिद्ध करून दाखवायला अद्याप दोन-तीन वर्षे अवकाश होता. कलकत्त्यात जगदीशचंद्र बसूंनी भिंतीपलीकडची घंटा तारेवाचून वाजवून दाखविली, ती त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी. म्हणजे कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर खांब होते, तारा होत्या, तारघर होते आणि तारघरातली यंत्रांची खोली होती. दुसऱ्याचा संदेश चोरून जाणून घेणाऱ्याला त्यांनी शिक्षा ठेवली, पण ती कोणत्या कृतीसाठी? कलम २३ आणि २४ एकत्र वाचले, तर यंत्रांच्या खोलीत विनापरवानगी शिरणाऱ्यासाठी. कलम २५ वाचले, तर संदेश टिपण्याच्या हेतूने बॅटरी, यंत्र, तार वा खांब यांची मोडतोड करणाऱ्यासाठी किंवा त्यांना नुसता हात लावणाऱ्यासाठीही. हात लावण्याचा उल्लेख त्या कलमात अक्षरशः आहे. चोरून ऐकणे म्हणजे कुठे तरी शिरणे किंवा कशाला तरी हात घालणे, ही त्या काळची स्वच्छ आणि समजण्याजोगी कल्पना होती.

रेडिओने ती कल्पना मोडीत काढली. आता श्रोत्याला यंत्रांच्या खोलीत शिरावे लागत नाही. ती खोलीच लहरींच्या रूपाने त्याच्या घरात येते.

यावर १९३३ साली उपाय निघाला, तो भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियमाचा. हा कायदा श्रवणाच्या नीतिशास्त्रातून मुळीच जन्मला नव्हता. प्रसारण नवे होते, ते चालविण्यासाठी श्रोत्यांकडून शुल्क हवे होते आणि लोक परवाना न काढताच संच बाळगत होते. म्हणून संच जवळ बाळगणे हेच परवान्याच्या कक्षेत आणले गेले. ज्यांच्या घरी आजोबांचा रेडिओ अजून माळ्यावर आहे, त्यांना टपाल कार्यालयात दरवर्षी शिक्का मारून आणायची ती परवाना-पुस्तिकाही कदाचित सापडेल. ऐंशीच्या दशकात ही पद्धत बंद झाली. तरीही या जुन्या कायद्यात एक शहाणपण होते, आणि ते मला महत्त्वाचे वाटते. केवळ ग्रहण करणारा संच विनापरवाना बाळगला तर पहिल्या गुन्ह्याला शंभर रुपयांपर्यंत दंड आणि पुढच्याला अडीचशे. प्रक्षेपक बाळगला तर मात्र तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. उद्देश महसुलाचा असेल, भाषा साम्राज्याची असेल, पण ऐकणारा आणि बोलणारा यांच्यात कायद्याने शंभर रुपये आणि तुरुंग एवढे अंतर राखले होते.

हे दोन्ही कायदे मागे टाकणारा दूरसंचार अधिनियम २०२३च्या डिसेंबरात संमत झाला आणि त्याची कलमे टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागली. पहिली तुकडी २६ जून २०२४ रोजी आली. ‘दूरसंचार’ या शब्दाच्या व्याख्येत संदेशाच्या प्रेषणाबरोबर त्याचे ग्रहणही आले आहे. रेडिओ उपकरण अधिकारपत्राविना किंवा सूट नसताना बाळगल्यास पहिल्या खेपेस पन्नास हजार रुपयांपर्यंत आणि पुढील प्रत्येक खेपेस दोन लाखांपर्यंत शास्ती सांगितली आहे. आणि कलम ४२ म्हणते, की जो कोणी बेकायदेशीरपणे संदेश ‘इंटरसेप्ट’ करील, म्हणजे मधल्यामध्ये टिपील, त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खोलीत शिरणे गेले, तारेला हात लावणे गेले. एखाद्या दूरसंचार कंपनीच्या यंत्रणेत घुसून हजारो ग्राहकांचे संभाषण पळविणारा माणूस आणि गच्चीवर तारेचा तुकडा बांधून खुल्या लहरी ऐकणारा अभियांत्रिकीचा विद्यार्थी, हे दोघे या वाक्यात शेजारी शेजारी उभे राहू शकतात. न्यायालय त्यांना एका मापाने मोजणार नाही अशी आशा आहे. पण आशेवर विसंबून कोणी प्रयोग करू नये, हेही खरे.

आता बोलण्याचा प्रश्न. येथे कायदा कठोर असावा, याचे कारण भौतिकशास्त्रात आहे. पोलीस किंवा अग्निशमन दल ज्या पद्धतीचे बिनतारी संच वापरते, त्यांत एका वेळी एकच जण बोलू शकतो. कळ दाबली की बोलायचे, सोडली की ऐकायचे. शहरभरचे संच एखाद्या उंच इमारतीवरील किंवा टेकडीवरील पुनर्प्रक्षेपकाच्या आधाराने एकमेकांशी जोडलेले असतात. वारंवारिता-अधिमिश्रणाचा, म्हणजे एफएमचा, एक विशेष असा, की एकाच वारंवारितेवर दोन संदेश आले तर ग्राहक-यंत्र त्यांची भेसळ ऐकवत नाही. जो बलवान तोच ऐकवते आणि दुसरा जणू नव्हताच अशी स्थिती होते. कोणाच्या संचाची कळ चुकून अडकून राहिली, तरी सारी वाहिनी मुकी होते. खोडसाळपणाची तर बातच सोडा. जळत्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावर अडकलेला जवान मदत मागतो आहे आणि त्याच क्षणी कोणी तरी गंमत म्हणून कळ दाबली आहे, असे घडले तर खाली उभ्या अधिकाऱ्याला जवानाचा आवाज ऐकूच येणार नाही. आणि आपल्याला तो ऐकू आलेला नाही, हेही त्याला कळणार नाही. बनावट आदेश देणे, लोकसेवकाचे सोंग घेणे हे त्यापुढचे गुन्हे. यांवर दया दाखविण्याचे कारण नाही.

श्रवणाचे भौतिकशास्त्र याच्या अगदी उलट आहे. अँटेनावर येऊन आदळणारी ऊर्जा वॉटच्या अब्जांशाहूनही कमी असते. ती मी घेतली म्हणून दुसऱ्या कोणाच्या वाट्याची कमी होत नाही, वाहिनी अडत नाही, कोणाचा संदेश बदलत नाही. (काटेकोरपणे बोलायचे तर ग्राहक-यंत्रही पूर्ण मौनी नसते. त्यातील स्थानिक दोलक अत्यल्प लहरी बाहेर सोडतो. विलायतेत परवाना न काढता दूरचित्रवाणी पाहणाऱ्यांना हुडकण्यासाठी गाड्या फिरत, त्या याच गळतीच्या जोरावर. परंतु त्या गळतीने कोणाची रुग्णवाहिका अडत नाही.)

आणि ऐकणे आता अतिशय स्वस्त झाले आहे. २०१२च्या सुमारास काही जिज्ञासूंच्या ध्यानात आले, की संगणकाला जोडून दूरचित्रवाणी पाहण्यासाठी बनविलेल्या एका साध्या यूएसबी दांडीतील आरटीएल२८३२यू ही चिप कच्ची रेडिओ-नमुनेवारी सरळ संगणकाकडे पाठवू शकते. त्यातून सॉफ्टवेअर-रेडिओ सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. ही दांडी काही हजार रुपयांत मिळते. तिच्या साहाय्याने देशभरातील विद्यार्थ्यांनी १३७ मेगाहर्ट्झवर हवामान उपग्रहांची चित्रे उतरवून घेतली, आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून येणारी चित्रे टिपली, १०९० मेगाहर्ट्झवर विमाने स्वतःचे स्थान सांगतात ते संदेश वाचले. रेडिओशास्त्राची इतकी उत्तम प्रयोगशाळा यापूर्वी कोणत्याही पिढीला इतक्या अल्प मोलात मिळालेली नाही. अडचण एकच, की तीच दांडी थोडी पुढेमागे फिरविली की पोलिसांचे अतिउच्च वारंवारितेवरील जुन्या पद्धतीचे संभाषणही ऐकू येऊ शकते. त्या मुलाने उपग्रह ऐकला तेव्हा तो वैज्ञानिक होता. काटा काही मेगाहर्ट्झ सरकला, की तो तीन वर्षांच्या शिक्षेच्या छायेत गेला. ती सीमा त्याला कोणत्याही पाठ्यपुस्तकात आखलेली दिसत नाही.

गंमत अशी, की ज्यांना खऱ्या अर्थाने आपत्कालीन वारंवारिता म्हणावे, तेथे ऐकणे हा गुन्हा तर नाहीच, ते कर्तव्य आहे. समुद्रात १५६.८ मेगाहर्ट्झ, म्हणजे सोळावी वाहिनी, आकाशात १२१.५ मेगाहर्ट्झ. जहाजांनी आणि विमानांनी या वारंवारितांवर कान ठेवावा अशी आंतरराष्ट्रीय व्यवस्था आहे, कारण बुडणाऱ्याची हाक कोणाच्या कानी पडेल हे आधी ठरविता येत नाही. आपल्या तटरक्षक दलाची मुंबई, चेन्नई आणि पोर्ट ब्लेअर येथील बचाव समन्वय केंद्रे याच तत्त्वावर उभी आहेत. आंतरराष्ट्रीय रेडिओ विनियमांत तर असे स्पष्ट म्हटले आहे, की संकटात सापडलेल्या स्थानकाने लक्ष वेधून घेण्यासाठी हाताशी असलेले कोणतेही रेडिओ-साधन वापरले, तर या विनियमांतील कोणतीही तरतूद त्याच्या आड येणार नाही. त्याच विनियमांचा सतरावा अनुच्छेद मात्र, जे संदेश सर्वसामान्यांसाठी नाहीत, ते अनधिकृतपणे टिपण्यास आणि उघड करण्यास प्रतिबंध करावा, असे सदस्य राष्ट्रांना सांगतो. भारत या व्यवस्थेचा सदस्य आहे. म्हणून ‘सगळे ऐकू द्या’ असे म्हणून हात झटकता येणार नाही. बुडणाऱ्याची हाक सर्वांसाठी असते. चौकीतील हवालदाराने नियंत्रण कक्षाला सांगितलेली गोष्ट सर्वांसाठी नसते.

या आक्षेपाचा सर्वांत बोचरा भाग खासगीपणाचा आहे आणि तो मला टाळायचा नाही. बिनतारी संचावर काय बोलले जाते? अपघातात मेलेल्या माणसाचे नाव, त्याच्या घरच्यांना कळण्याआधी. अत्याचार झालेल्या मुलीचा पत्ता. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याच्या इमारतीचे नाव. १९९६ साली दूरध्वनी चोरून ऐकण्यासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संभाषणाचा खासगीपणा जीविताच्या अधिकाराशी जोडला. २०१७च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरविला. त्या मुलीचा पत्ता कोणी ऐकू नये, हा तिचा अधिकार आहेच. मला एवढेच विचारायचे आहे, की तो पत्ता उघड्या लहरीवर उच्चारला कोणी? ज्याने पोस्टकार्डावर गुपित लिहिले, त्याने पोस्टमनला आंधळे होण्याची सक्ती करावी, असा हा प्रकार होतो. दहशतवादी किंवा तस्कर कलम ४२ वाचून संच बंद करीत नाही. मनाईमुळे थांबतो तो कायदा पाळणारा विद्यार्थी. ज्याच्यापासून धोका आहे, तो ऐकतच राहतो.

खरे उत्तर कूटलेखनात, म्हणजे एन्क्रिप्शनमध्ये आहे, आणि ते नवे नाही. दिल्ली पोलिसांनी २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी टेट्रा ही डिजिटल प्रणाली आणली. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१८च्या जूनमध्ये पोलीस आणि आपत्ती-निवारण यंत्रणांसाठी नव्या पिढीच्या ब्रॉडबँड जाळ्याच्या शिफारशी केल्या. १९४६पासून कार्यरत असलेले केंद्रीय पोलीस बिनतारी समन्वय संचालनालय राज्यांच्या दळणवळणाला तांत्रिक आधार देते. यंत्रणा आहे, ज्ञान आहे. गती कमी पडते. मात्र कूटलेखन गुप्त ठेवले म्हणजे ते मजबूत झाले, असेही समजू नये. २०२३ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी दाखवून दिले, की टेट्राच्या टीईए१ या पद्धतीतील ८० बिटांची किल्ली प्रत्यक्षात ३२ बिटांपर्यंत दुबळी केलेली होती. साध्या संगणकाला ती काही मिनिटांत फोडता येत होती. ही फट जवळजवळ पाव शतक दडून राहिली, कारण ती गणिते बाहेरच्या कोणाला पाहू दिलेली नव्हती. ऐकणाऱ्यांना, उकलणाऱ्यांना सरसकट गुन्हेगार ठरविणाऱ्या देशात अशी फट शोधणार कोण?

कूटलेखनाची दुसरी बाजूही आहे. सारे संभाषण बंद पेटीत गेले, की त्या पेटीत काय घडले हे नागरिकांना कळण्याचा मार्गच खुंटतो. आपल्याकडे यावर एक मार्ग आधीच सिद्ध झालेला आहे. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री हुतात्मा झालेले अधिकारी अशोक कामटे यांच्या पत्नी विनीता कामटे यांनी माहिती अधिकाराचा वापर करून मुंबई पोलीस नियंत्रण कक्षाच्या त्या रात्रीच्या नोंदी मिळविल्या. त्यांच्या आधारे, कोणाला केव्हा काय कळविले गेले आणि मदत का पोहोचली नाही, याचे प्रश्न त्यांनी पुस्तकातून जाहीरपणे विचारले. त्यांना कोणाची वाहिनी चोरून ऐकावी लागली नाही. नोंदी जपलेल्या होत्या आणि त्या मागण्याचा कायदा होता, म्हणून हे घडू शकले. संभाषण त्या क्षणी गुप्त आणि कालांतराने तपासणीस खुले, ही जोडी मला उघड्या वाहिन्यांपेक्षाही अधिक लोकशाहीची वाटते.

ऐकणाऱ्यांच्या उपयुक्ततेविषयीही थोडे. डिसेंबर २००४मध्ये हौशी रेडिओच्या एका मोहिमेसाठी भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअरमध्ये होते. २६ तारखेला त्सुनामी आली, दूरध्वनी मुके झाले, आणि हौसेखातर नेलेले तेच संच अंदमान-निकोबार आणि मुख्य भूमी यांच्यातील दुवा बनले. असे लोक ऐनवेळी तयार करता येत नाहीत. वर्षानुवर्षे रात्री कान लावून बसण्याच्या सवयीतून ते घडतात. हौशी परवान्याची परीक्षा बाराव्या वर्षापासून देता येते; परीक्षा उत्तीर्ण झालेल्यालाही पोलिसांच्या वाहिनीवर बोलण्याचा अधिकार मिळत नाही, आणि हौशी मंडळींमध्ये हे पथ्य फार कसोशीने पाळले जाते. शिस्त आणि जिज्ञासा एकत्र नांदू शकतात, याचा यापेक्षा चांगला दाखला मला ठाऊक नाही.

सरकारला सूट देता येत नाही असेही नाही. २०१८च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील अल्पशक्तीचे संच परवान्यातून मुक्त केले. म्हणूनच लग्नमंडपातला आणि गिर्यारोहकांच्या तुकडीतला मान्यताप्राप्त वॉकीटॉकी आज कायदेशीर आहे. जी सूट बोलणाऱ्या संचाला मिळाली, ती केवळ ऐकणाऱ्या संचाला स्पष्ट शब्दांत देण्यात अडचण कोणती? १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. त्या मालमत्तेत काय चालले आहे हे शिकण्यासाठी पाहणाऱ्याला सूट असावी. टिपलेला मजकूर दुसऱ्याला सांगणे, छापणे, समाजमाध्यमांवर टाकणे, त्यातून धंदा करणे, गुन्ह्याला किंवा पळून जाण्याला त्याची मदत घेणे यांवर शिक्षा असावी. कूटबद्ध संदेश वाईट हेतूने फोडण्यावर अधिक कठोर शिक्षा असावी. आणि बोलणाऱ्यावर सर्वांत कठोर. सदोष प्रणालीतील फट जबाबदारीने कळविणाऱ्या संशोधकाला मात्र संरक्षण हवे.

आज प्रत्यक्षात काय करावे, असे कोणी विचारले तर माझे उत्तर साधे आहे. पोलीस, अग्निशमन वा रुग्णवाहिकांच्या वाहिन्या शोधत बसू नका. संच घेताना उपकरण-मान्यता आणि वारंवारिता तपासा. शिकायचे असेल तर हौशी परवाना काढा, उपग्रह ऐका. संकट दिसले तर ११२ लावा. समुद्रात असाल तर सोळावी वाहिनी किंवा तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक. चुकून एखादे संभाषण कानी पडले, तर ते कोणाला ऐकवू नका, साठवू नका, पुढे चला.

नव्या अधिनियमाखालील नियमांचे मसुदे राजपत्रात टप्प्याटप्प्याने येत असतात आणि त्यांवर हरकती व सूचना देण्यासाठी साधारणतः तीस दिवस मिळतात. रेडिओ उपकरणांसंबंधीचा मसुदा दिसला, की त्यात ‘केवळ ग्रहण करणारे उपकरण’ हे शब्द आहेत का, एवढे शोधून पाहावे. नसतील, तर ते घालण्याची सूचना एका पानात लिहून होते.